जुनी गिटार हातची का सुटत नाही? तुमचे अनुभव सांगा

नवी, सुरात चोख गिटार समोर असते आणि हात जातो त्या खरचटलेल्या खोक्याकडेच. असं का होतं, ते पुष्कळ दिवसांपासून विचारायचं होतं. किमतीच्या गप्पा नकोत. तुमच्या जुन्या अकूस्टिकमध्ये, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारीत, नेमकं काय आहे ते सांगा, तिच्या खोडींसकट. सुरुवात मी करते.

माझी गिब्सन जे-४५, साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली. हे मॉडेल १९४२ साली आलं आणि दर्दी लोक जीव टाकतात ते त्या युद्धकाळातल्या गिटारींवर. माझी त्यांच्या लेखी नापासच. १९६५च्या सुमाराला गिब्सनने नटापाशी, म्हणजे तारा खुंट्यांकडून मानेवर येतात त्या पट्टीपाशी, मानेची रुंदी ४३ मिलिमीटरवरून ४०वर आणली, आणि त्या काळातल्या बऱ्याच गिब्सनसारखं हिचं सॅडलही (खोक्यावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोन स्क्रूंवर तोललेलं आहे. ते खालच्या लाकडाला नीट टेकतच नाही, त्यामुळे तारेची थरथर फळीत पुरती उतरत नाही. कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) मारली की सूर उमटतो आणि लगेच विझतो.

वर्षभर चिडचिड केली. शेवटी स्क्रू काढून हाडाचं सॅडल बसवून घेतलं. आवाज मोठा झाला, सूर लांबला, सगळ्यांनी वाहवा केली. आणि गायला बसले तर गिटार माझ्या अंगावर येऊ लागली! प्रत्येक शब्दाखाली आधीच्या कॉर्डची शेपटी वळवळतेय. तीन आठवड्यांत जुने स्क्रू परत बसवले. आता ती ठेका देते आणि बाजूला होते. अरुंद मानेबद्दल बोटं मोठी असलेले लोक कुरकुर करतात. माझा अंगठा मात्र वरून सहज सहाव्या, सर्वांत जाड तारेवर पोचतो.

*

मी मार्टिनवाला. डी-१८, १९५६ची. साल छातीठोक सांगतो, कारण खोक्याच्या आत मान जिथे बसते त्या ठोकळ्यावर नंबर कोरलेला असतो आणि मार्टिनने १८९८पासून नंबरांची साखळी तुटू दिलेली नाही.

माझ्याकडे आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा इतक्या उंच की बारे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून, धरताना मनगट भरून यायचं. म्हटलं, मानेतला रॉड पिळू, म्हणजे मान सरळ होईल. आरसा घालून तो पिळायचा स्क्रू शोधतोय, सापडेना. सापडणार कुठून? मार्टिनने पिळता येणारा रॉड १९८५पर्यंत बसवलाच नव्हता. हिच्या मानेत नुसती पोलादी पट्टी. मग मान उतरवून पुन्हा बसवायची. कारागिराने मला समोर बसू दिलं. पंधरावी फ्रेट उपटली, तिच्या खाचेत बारीक भोक पाडलं, सुईने वाफ सोडली. दहाएक मिनिटांनी सांध्यातून तपकिरी पाणी पाझरलं आणि ओल्या चामड्याचा वास खोलीभर. सरस! जनावरांच्या कातडी-हाडांचा, जुना. मान कुरकुरत वर आली. मानेच्या बुडाच्या टाचेवरून त्याने काढलं ते लाकूड कागदाच्या जाडीचं असेल-नसेल, पण तेवढ्याने तारा खाली आल्या. सरसाचं हेच मला फार आवडतं: वाफेपुढे सुटतो, म्हणजे पुढच्या माणसालाही ती उघडता येईल.

पिकगार्डच्या (फळीला ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या पातळ पत्र्याच्या) कडेने एक भेगही आहे. तेव्हा पिकगार्ड पॉलिशच्या आधी थेट कोऱ्या लाकडावर चिकटवत. त्याचं सेल्युलॉइड (एक जुनं प्लास्टिक) वर्षानुवर्षं आक्रसत गेलं आणि फळीला घेऊन गेलं. आतून ठिगळं लावलीत. वाजते झकास.

*

दोन ओळींत संपवतो. यामाहा एफजी-१८०, लाल लेबलवाली. वरची फळी प्लायची आहे, अखंड लाकडाची नाही. 'प्लाय पिकत नाही', म्हणजे वयाने तिचा आवाज सुधारत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या हातात मी ती डोळे मिटायला लावून देतो.

*

सगळे प्रेमात दिसताहेत, तर थोडं विरजण घालतो. माझी पहिली 'जुनी' गिटार विकणाऱ्याने मूळ पॉलिशची म्हणून दिली. घरी आणून खुंट्यांचे स्क्रू काढले तर धातूच्या पट्टीखाली जुना रंग वेगळाच, गडद आणि बारीक तडकलेला. बाकी सगळीकडे वरून काचेसारखा जाड थर ओतलेला. पातळ लाकडाला रेनकोट घातल्यासारखा आवाज. जुनेपणाने गिटार आपोआप चांगली होत नाही हो. तेव्हाही भिकार गिटारी बनायच्या, आणि वाईट दुरुस्ती करायला पुढे बराच वेळ मिळालेला असतो. घेण्याआधी लांब सरळ पट्टी फ्रेट्सवर ठेवून ब्रिजकडे (खोक्यावरच्या, सॅडल बसवलेल्या लाकडी तुकड्याकडे) सरकवा. टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर ठीक. पुढच्या कडेवर खाली आपटलं तर मान उतरवायचा खर्च धरूनच बोला.

*

वरच्यांना अनुमोदन, तरी माझी 'भिकार' वर्गातली आहे म्हणून लिहिते. हार्मनी सॉव्हरिन, शिकागोची, कॅटलॉगमधून विकल्या जायच्या त्यातली. फळीखालच्या पट्ट्या मार्टिनसारख्या फुलीच्या आकारात नाहीत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. त्यामुळे खर्ज गुबगुबीत नाही, मधले सूर नाकात बोलतात. जोरात झोडली की भांडी पडल्यासारखी वाजते. पण बोटात काचेची नळी घालून स्लाइड वाजवा, प्रत्येक तार वेगळी, जवळ बसून कुणी कुजबुजावं तशी. फुलीच्या पट्ट्यांवर मला हे मिळालं नाही.

*

माझी मार्टिन डी-२८, १९६५ची. पाठ-बाजू ब्राझिलियन रोझवुडच्या; १९६९च्या अखेरीस मार्टिन भारतीय शिसवीकडे वळली, त्याआधीची. पाठीवर शाईच्या रेघांसारख्या काळ्या नसा आहेत, त्या बघत मी वाजवायचं विसरते. कौतुक पुरे, हिची शिक्षा अशी की ती प्रवास करत नाही. हे ब्राझिलियन लाकूड १९९२पासून साइटीस कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. सीमा ओलांडायची तर कागद हवेत, आणि २०१९ची तयार वाद्यांना मिळालेली सूट इतर रोझवुडना, याला नाही. परदेशी कार्यक्रमाला मी महॉगनीची घेऊन जाते. परत आल्यावर पहिला तासभर ही रुसल्यासारखी वाजते, हा माझा भ्रम असेल.

जे-४५वाल्या ताई, एक विचारायचं होतं. ते हाडाचं सॅडल टाकून तर नाही ना दिलंत?

*

नाही हो! केसमध्येच आहे, जुन्या तारांच्या पाकिटात. महिन्यातून एकदा काढून बघते आणि परत ठेवते.