दहावीपर्यंत गणिताच्या तासाला स्क्रीन नकोच! पटतंय का?

खडूफळा:
परवा पालकसभेत सांगितलं, आता भूमिती स्मार्ट बोर्डवर शिकवणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी नाही वाजवल्या. पोरगा दहावीत आहे, त्याची वर्गसमीकरणांची वही बघितली तर सगळी उत्तरं बरोबर, मलाही बरं वाटलं. मग लक्षात आलं की बाईंनी अजून अवयव पाडायचेच शिकवलेत आणि हा पठ्ठ्या प्रत्येक गणित सूत्राने सोडवून बसलाय. म्हटलं हा अधिक-वजा कुठून आला रे, तर म्हणे ॲपमध्ये तसंच येतं! गणिताचा फोटो काढायचा, पायऱ्या उतरवायच्या, झालं. बोर्डाच्या पेपरला साधा कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथे याला कॅमेरा कोण धरू देणार? आमच्याकडून पावकी-निमकी-दीडकी घोकून घेतली होती, अजून बाजारात उपयोगी पडते.

झेडपीवाला:
दादा, तुमच्या वेळी गाईड नव्हतं का? तेही पायऱ्यांसकट उत्तरं द्यायचं, म्हणून कोणी छापखाने बंद केले नाहीत. माझ्याकडे सातवी, पोरं ३१, लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आणि माझा मोबाईल. जिओजेब्रा म्हणून भूमितीचं ॲप आहे, फुकट आहे, एकदा डाऊनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं. त्रिकोण काढायचा, एक टोक बोटाने ओढायचं, तिन्ही कोन बदलत राहतात आणि खाली बेरीज १८० ची १८०. फळ्यावर तासाला चार त्रिकोण होतात माझे, इथे पोरांनी पार चपटे करून करून पाच मिनिटांत पन्नास बघितले.

निवृत्त बाई:
बघितले हो, पण मोजले कुठे? ३४ वर्षं गणित शिकवलंय मी. कागदाचा त्रिकोण कापायला लावा, तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी ठेवायला सांगा, सरळ कोन होतो. खर्च शून्य, आणि मूल घरी जाऊन आईला करून दाखवतं. कोनमापकाने मोजलं की कुणाचं १७८ येतं, कुणाचं १८१, मग भांडणं होतात, खरं शिकणं तिथे असतं. तुमचा टीव्ही चुकतच नाही, मग भांडणार कुणाशी?

झेडपीवाला:
बाई, चुकतो की! परवाच एका पोरीने हात वर केला, सर तुमचा टीव्ही चुकला. कोन दाखवत होता ४८.३७, ७१.२६ आणि ६०.३८, तिने वहीत बेरीज केली तर १८०.०१. खाली मात्र १८०! पुढचा अख्खा तास त्यातच गेला. शेवटी तिसरं दशांश स्थळ उघडून दाखवलं, ४८.३६६, ७१.२५६, ६०.३७८, आता कर म्हटलं बेरीज. बरोबर १८०. राउंड ऑफ हा शब्द मी न सांगता कळला त्यांना.

निवृत्त बाई:
पोरगी हुशार आहे. पण तिने बेरीज वहीत केली, हे विसरू नका.

आयटीवाला पुणेकर:
डिसले गुरुजींनी परितेवाडीसारख्या गावातल्या झेडपी शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आणि आपण अजून स्क्रीन हवी की नको यावरच!

खडूफळा:
गुरुजी ग्रेटच. पण आमच्याकडे कोड स्कॅन करून व्हिडिओ लावून ठेवतात आणि सर पेपर तपासत बसतात. पोहण्याचा व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारतं का कोणी?

दोन लेकरांची आई:
आमच्या घरात फोन एकच, तो यांच्यासोबत कामावर जातो, रात्री नऊला येतो. घरचा अभ्यास फोनवर देत असाल तर आमचं काय ते पण बोला कोणीतरी.

झेडपीवाला:
ताई, बरोबर आहे तुमचं. म्हणूनच मी घरी काहीच देत नाही फोनवर, जे काय ते वर्गातल्या टीव्हीवर.

खडूफळा:
बाईंचा कागदी त्रिकोण रविवारी करतोच. स्क्रीनबद्दल मत तेच आहे. पण ते १८०.०१ भारी आहे, आत्ताच पोराला विचारलं असं कसं येईल सांग. त्याने फोन काढला.

झेडपीवाला:
मग? काय म्हणाला फोन?