मदत हवी आहे: भाचीचं नाव ‘मुक्ता’ ठेवावं का?

नमस्कार मंडळी. रविवारी सदाशिव पेठेत भाचीचं बारसं आहे. आत्या मी, म्हणजे कानात कुर्र करायचा मान माझा! माझ्या मनात ‘मुक्ता’ आहे. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई, आणि आपल्या पुण्यातच फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, जिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वहिनी विचारते, अर्थ ‘बंधनातून सुटलेली’ की ‘मोती’? संस्कृतात दोन्ही आहेत म्हटलं, तर दादाला लगेच ‘मुक्ताफळं’ आठवली. झालं, तेव्हापासून चिडवतोय. बालवाडीत शिकवणाऱ्या कुणी सांगाल का, हल्ली हजेरीत मुक्ता किती असतात? आणि घरी हाक मारताना ‘मुक्ती’ होतं का? घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी भिजत घालणार, त्याआधी कळवा.