'ग्राउंड नॉईज'ला मराठीत काय लिहायचं? आणि ग्राउंड, अर्थिंग एकच का?

डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहितोय. मिक्स्ड सिग्नल बोर्ड, म्हणजे मायक्रोकंट्रोलर पण आहे आणि सेन्सरचा बारीक अ‍ॅनालॉग सिग्नल पण, त्याच्यावरचा ग्राउंड नॉईज कसा मोजायचा हा धडा आहे. 'भूसंपर्क गोंगाट' लिहून बघितलं पण वाचवत नाही. जाणकारांनी सुचवा.

---

गोंगाट बाजारात असतो, सर्किटात नको. स्टेशन नीट लागलं नाही की रेडिओ करतो ती खरखर, तोच शब्द घ्या, सगळ्यांना कळतो. आणि भूसंपर्क तर अजिबात नको. अर्थिंग म्हणजे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून प्लेट पुरतात ते, तिथे जमिनीशी खराच संबंध आहे. बोर्डवरचं ग्राउंड म्हणजे आपण शून्य धरलेलं तांबं आणि करंट परत जायचा रस्ता. बॅटरीवरच्या मोबाईलमध्ये ग्राउंड असतंच की, त्याला कुठे अर्थिंग आहे? तेव्हा ग्राउंड हा शब्द तसाच ठेवा.

---

काका, खरखर एकदम पटलं. पण मला वाटतं नोट्समध्ये नुसतं 'ग्राउंडची खरखर' लिहिणं अर्धवट आहे, कारण ती एका जागेची नसतेच, ती कायम दोन जागांमधली असते, 'कुठपासून कुठपर्यंत' हे सांगितल्याशिवाय आकड्याला काही अर्थच नाही. समजा परतीच्या रस्त्यातल्या अर्ध्या सेंटीमीटर ट्रेसचं, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचं, इंडक्टन्स (करंट झटकन बदलायला होणारा विरोध) ५ नॅनोहेन्री आहे आणि एका पिनने २ नॅनोसेकंदात २० मिलिअँपिअर ओढले, तर त्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्ट पडतात. ३.३ व्होल्ट रेफरन्सच्या १२ बिट एडीसीची (अ‍ॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एक पायरी साधारण ०.८ मिलिव्होल्टची, म्हणजे नेमका त्याच क्षणी सॅम्पल घेतला गेला तर साठेक पायऱ्यांची चूक. तेच टोक दुसरीकडे धरलं तर कदाचित २ मिलिव्होल्टच दिसतील, आणि दोन्ही आकडे खरे!

मोजताना अजून एक. स्कोपच्या (सिग्नलचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) प्रोबची ती काळी वायर, क्रोकोडाइल क्लिपवाली, १५ सेंटीमीटरची असली तर तिचंच इंडक्टन्स १५० नॅनोहेन्रीच्या आसपास, प्रोबची कपॅसिटी १० पिकोफॅरड धरली तर १३० मेगाहर्ट्झला ती स्वतःच झणझणते आणि मुलं त्याला ग्राउंड नॉईज म्हणून वहीत उतरवतात. म्हणून बोर्ड चालू ठेवून आधी प्रोबचं टोक क्लिप लावलेल्या जागीच टेकवायचं. तिथे शून्य दिसायला हवं. जे दिसतं ते बोर्डाचं नाही, मोजणीचं आहे. मग क्लिप काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावा आणि पुन्हा बघा, फरक डोळ्यांनी दिसतो. ही कृती नोट्समध्ये हवीच हवी.

---

ताई, छान सांगितलंत. मग एजीएनडी (अ‍ॅनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) अशी दोन नावं असतात ती दोन वेगळी ग्राउंड समजायची का? आमच्याकडे मुलं तांबं मधून कापून दोन भाग करतात.

---

नाही हो, नावामुळेच हा घोळ होतो. एडीसीवरचं डीजीएनडी म्हणजे ती पिन चिपच्या आत डिजिटल भागाला जोडलीय, एवढंच. बाहेर ती कुठे जोडायची ते नाव सांगत नाही. बहुतेक एडीसींना दोन्ही पिना चिपखालच्या एकाच प्लेनला, म्हणजे तांब्याच्या अखंड थराला, अगदी जवळ, जोडलेल्या चांगल्या. तांबं कापलं आणि त्या फटीवरून एखादी ट्रेस गेली की तिचा परतीचा करंट, जो एरवी ट्रेसच्या बरोबर खालून जातो, तो लांबून वळसा घालतो आणि खरखर वाढते.

आणि इथे अर्थिंगचा खरा संबंध येतो बरं का. साध्या बेंच स्कोपची क्लिप थ्री पिनमधून अर्थिंगलाच जोडलेली असते. बोर्डपण अर्थिंगवाल्या सप्लायवर असेल तर मोठं वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झची गुणगुण स्क्रीनवर येते. त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती जिवावर बेतू शकते, तसं कुणी शिकवू नका. बोर्ड बॅटरीवर चालवा किंवा डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगशी न जोडता दोन जागांमधला फरक मोजणारा) घ्या.

---

ठरलं. ग्राउंड तसंच, नॉईजला खरखर, आणि आकडा असा लिहायला लावतो: 'एडीसीच्या ग्राउंड पिनपासून कनेक्टरच्या ग्राउंडपर्यंत खरखर इतके मिलिव्होल्ट पीक टू पीक, स्प्रिंग लावून, २० मेगाहर्ट्झ लिमिट (स्कोपमधली, त्याच्या वरचं गाळणारी सोय) बंद ठेवून'.

---

लिमिट चालू ठेवून घेतलेला आकडापण शेजारी लिहायला सांगा. दोघांत फार तफावत असली तर खरखर २० मेगाहर्ट्झच्या वरची आहे, बहुधा क्लॉकच्या कडांमधून येतेय, हे मुलांना तिथल्या तिथे कळेल.