अनुभव धागा : व्हिडिओ करतोय, पण टाकायचे कुठे?

मी जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करतो आणि त्याचे व्हिडिओ करतो. जुन्या बाजारातून उचललेली मोडकी आरामखुर्ची, पेठेतला वाडा पाडताना निघालेली सागवानी दारं, कुणाच्या तरी पणजीचं फडताळ, असा सगळा माल. नोकरी सांभाळून हे चालतं, त्यामुळे चार ठिकाणी जीव ओतणं जमणारं नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक यांतल्या एकावरच ठाण मांडायचं झालं तर कुठे मांडावं?

"सगळीकडे टाका की, फुकट तर आहे" हा सल्ला कृपया नको. आडवा व्हिडिओ उभा करायचा, त्याला कव्हर करायचं, प्रत्येक ठिकाणच्या कमेंटींना उत्तरं द्यायची, यात अख्खा रविवार जातो. आणि व्ह्यूज किती आले यापेक्षा व्हिडिओ पाहून माणसं पुढे काय करतात ते लिहा. विचारतात, येतात, विकत घेतात, की अंगठ्याने वर सरकवून पुढे जातात? पुणे परिसरात राहून मराठीत व्हिडिओ करणाऱ्यांनी तर आवर्जून लिहा.

तुरकाठी (कोथरूड)

माझं माहेर जळगावकडचं, राहते कोथरूडला. पदार्थ फक्त खानदेशी करते. मराठी पाककृती म्हटलं की यूट्यूबवर पुण्याचंच 'मधुराज रेसिपी' एवढं मोठं आहे, की पुरणपोळी आणि साबुदाणा खिचडी घेऊन मी तिथे कुठे दिसणार? पण कळण्याची भाकरी, वरणबट्टी, शेवभाजी, तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत हे शोधणारी माणसं आहेत आणि दाखवणारे त्या मानाने कमी. (कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तुरकाठ्या पेटवल्या तर सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात. ते चित्रीकरण माहेरीच उरकते.)

माझा कौल यूट्यूबच्या लांब व्हिडिओला. पदार्थ करायचा असतो तेव्हा माणूस शोधतो, आणि शोधून आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो. कळण्याच्या भाकरीचा जुना व्हिडिओ दर हिवाळ्यात आपोआप वर येतो. इन्स्टाच्या छोट्या रीलचं तसं होत नाही. ती दोन-चार दिवस पळते आणि मग थकते. कमेंटीही वेगळ्या असतात. रीलखाली लाल बदाम आणि 'यम्मी'. यूट्यूबखाली "काकू, भाकरी थापताना कडा चिरतात, उकड काढून घेऊ का?" असा प्रश्न विचारणारी बाई पुढचा व्हिडिओही बघते.

शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ, मी फक्त पाटीसारखे वापरते. भरिताला फोडणी बसतानाचा चुरचुर आवाज, तेवढाच तुकडा, आणि त्याला मूळ मोठा व्हिडिओ जोडायची सोय आहे ती जोडते. शॉर्टच्या वर्णनात नुसती लिंक टाकून उपयोग नाही. २०२३ पासून ती दाबली जात नाही.

गडभटक्या (धायरी)

काकूंशी अर्धा सहमत. राजगडच्या बालेकिल्ल्यावरून ढगांचा समुद्र दिसला तर तो इन्स्टालाच. तिथे कुणी काही शोधत आलेलं नसतं, समोर आलं आणि आवडलं तर मित्राला पाठवतात. रील पसरते ती बहुतेक या पाठवापाठवीवर. लाइक कमी आणि शेअर जास्त असलेल्या माझ्या रील्स नेहमी पुढे गेल्या आहेत.

पण ती पाहून आलेल्या माणसाला माझं नाव आठवत नाही. त्याला जागा आठवते. "हे कुठे आहे?" ही कमेंट शंभर वेळा, "तुझे बाकीचे ट्रेक बघितले" ही क्वचित. म्हणून वाटेची माहिती मी यूट्यूबवर ठेवतो : गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढलात तर शेवटचा टप्पा अंगावर येतो, घरची मंडळी बरोबर असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरा, पाणी कुठे मिळेल, गाडी कुठे लावायची. हा व्हिडिओ शुक्रवारी रात्री चालतो. उद्या निघायचंय तो माणूस वीस मिनिटंही बघतो.

एक तांत्रिक गोष्ट : एका ॲपवर केलेला व्हिडिओ त्या ॲपच्या शिक्क्यासकट (वॉटरमार्क) दुसऱ्यावर टाकू नका. असे व्हिडिओ कमी दाखवू, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. मूळ फाइल मोबाइलमध्ये ठेवा, जागा लागली तरी चालेल.

इरकल (लक्ष्मी रस्त्याजवळ)

वरच्या दोघांना विकायचं काही नाही, मला आहे. खणाचे ब्लाउज, इरकल, सुती साड्या. दुकान गल्लीत आत आहे, चालत येणारं गिऱ्हाईक थोडं.

इन्स्टावर बघणारे जास्त, पण "प्राइस प्लीज" लिहून गायब होतात. माझी विक्री होते फेसबुक लाइव्हवर, दुपारी जेवणं उरकली की. सातारा, सोलापूर, नगरकडच्या बायका असतात. त्या घाईत नसतात. "ताई, तो मोरपंखी परत दाखवा, पदर उलगडा, उजेडात धरा." साडीचा रंग ट्यूबलाइटखाली वेगळा आणि दारात वेगळा दिसतो, म्हणून मी प्रत्येक साडी दारात नेऊन दाखवते. हे तीस सेकंदांत कसं बसवणार? बघणारीला माझ्यावर भरवसा बसायला वेळ लागतो आणि तो वेळ लाइव्हमध्येच मिळतो. पुढचं सगळं व्हॉट्सॲपवर : साडीचा स्क्रीनशॉट, पत्ता, यूपीआय.

लाइव्ह करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२५ पासून फेसबुक लाइव्हचं रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतं. ज्यात कापडाची ओळख सांगितली आहे, खरी इरकल कशी ओळखावी वगैरे, ते मी उतरवून घेते. "कालच्या लाइव्हमधली हिरवी" हे मात्र ठेवून काय करायचंय?

सुतारकामवाल्या दादा, तुम्ही दुरुस्त केलेल्या खुर्च्या विकता का? तेवढं सांगा. त्यावर उत्तर ठरेल.

हिशेबनीस (सदाशिव पेठ)

पैशांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं बघत असेल तर ६०,००० व्ह्यूज लागतील. पन्नास सेकंदांत पळत असेल तर काय होईल, ते ज्याने त्याने मांडावं.

लांब व्हिडिओवर जाहिरातीतला ५५ टक्के वाटा करणाऱ्याचा, शॉर्ट्समध्ये व्ह्यूजप्रमाणे वाट्याला आलेल्या हिश्शातले ४५ टक्के. पैसे १०० डॉलर जमल्यावरच खात्यात येतात. त्याआधी पत्ता पडताळायचा पिन साध्या टपालाने येतो. वाड्यात राहणाऱ्यांनी पोस्टमनला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते टपाल 'कुठल्या तरी बँकेचं दिसतंय' म्हणून जिन्याखालच्या रद्दीत जातं.

माझं मत : मराठीतल्या बहुतेकांना जाहिरातींतून चहापाण्याचा खर्च सुटतो. त्यासाठी प्लॅटफॉर्म निवडू नये. खरे पैसे कामाच्या ऑर्डरींतून येतात, आणि इरकलताईंचा प्रश्न म्हणूनच सर्वांत नेमका आहे.

बांधावरचा (मंचर)

आम्ही टिकटॉकवाले. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, फवारणी पंप यांचे व्हिडिओ करायचो. पंधरा सेकंदांत नोझल साफ करून दाखवलं की जुन्नरपासून बारामतीपर्यंत लोक बघायचे. २९ जून २०२० ला बंदी आली आणि पाठीराखे तिथेच राहिले. मग दोन-तीन महिन्यांत जो तो आपलं ॲप घेऊन आला. मोज, टकाटक, जोश, इन्स्टाच्या रील्स, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स. टकाटक पुढे मोजमध्येच गेलं.

तेव्हापासून माझा नियम एकच. ॲप कुठलंही असो, बघणाऱ्यांची एक यादी आपल्या हातात पाहिजे. माझा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नवीन व्हिडिओ आधी तिथे पडतो. शेतकरी शोधतो यूट्यूबवर, तेही बोलून. टाइप करत नाही, माइक दाबून "टिलर सुरू होत नाही" म्हणतो. म्हणून माझ्या व्हिडिओची नावं तशीच असतात, तोंडी. 'पॉवर टिलर मेंटेनन्स टिप्स' असं नाव दिलेला व्हिडिओ पडून राहिला होता, नाव बदललं आणि चालायला लागला.

धागाकर्ता

इरकलताई, विकतो, पण थोडं. दुरुस्तीची कामं जास्त येतात आणि तीही पुण्यातलीच, कारण कपाट कुरिअरने येत नाही. म्हणजे मला राज्यभर दिसायची गरजच नाही, हे तुमच्या प्रश्नामुळे डोक्यात आलं. खुर्चीचा वेत बदलायचा लांब व्हिडिओ यूट्यूबवर, तोंडी नावाने. "वेताची खुर्ची सैल झाली" कसं वाटतं?

बांधावरचा

"खुर्ची खाली बसली" म्हणा. आमच्याकडे तसंच म्हणतात.

तिसरा ताशा (नारायण पेठ)

आमचं काम सोपं. ढोल-ताशा पथकाचे व्हिडिओ बघणारे म्हणजे वाजवणारे, त्यांचे मित्र आणि पुढच्या वर्षी यायची इच्छा असलेले. ते सगळे इन्स्टावर. पथकाचं पान आणि व्हिडिओ काढणारा यांची कोलॅब पोस्ट टाकायची, एकच रील दोघांच्या पानांवर दिसते. नवीन वादक तिथूनच मेसेज करतात, सरावाला कधी येऊ म्हणून.

आवाजाकडे लक्ष द्या. शेजारच्या मंडळाच्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू असेल आणि ते तुमच्या व्हिडिओत आलं तर हक्काचा (कॉपीराइटचा) दावा लागू शकतो. सरावाच्या मैदानावरचं रेकॉर्डिंग बरं पडतं. आणि विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरून लाइव्ह करायचा विचार सोडा, तिथे फोनसुद्धा लागत नाही. रेकॉर्ड करा, घरी येऊन झोप काढा, दुपारी टाका. वादकही दुपारीच उठतात.