मदत हवी आहे : लेकीचं अमेरिकेतलं वर्क परमिट २० तारखेला संपतंय, नूतनीकरणाची पावती हातात आहे. नोकरी चालू ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी,

लेकीला न विचारता लिहिते आहे, म्हणून नावगाव देत नाही. ती आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. पहाटे तीनपर्यंत न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे काम करत होती. मुलुंडच्या आमच्या घरात जागा ती केवढी! शिवणाच्या मशीनवर फळी टाकून तिचं ऑफिस मांडून दिलंय. मीटिंगमध्ये चुकून पायाने पायटा हलला की खडखडाट होतो आणि पलीकडचे विचारतात, ट्रेन जवळून जाते का.

हकीकत अशी. जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक एच-४ वर, म्हणजे त्यांची बायको म्हणून. जावयांचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे, म्हणून तिला ईएडी मिळतं, म्हणजे नोकरी करण्याचं कार्ड. (एच-४ वाल्यांना ही सोय मे २०१५ पासून आहे. त्याआधी आमच्या सोसायटीतल्या दोन इंजिनियर मुली तिकडे वर्षानुवर्षं नुसत्या पोळ्या लाटत बसल्या होत्या.) एटीएम कार्डाएवढं कार्ड, त्यावर सी-२६ असा गट आणि मुदत २० फेब्रुवारी २०२६. तिच्या एच-४ ची मुदतही त्याच दिवशी संपते.

ऑक्टोबरमध्ये सगळ्यांचे कागद एकत्र पाठवले. जावयांचं एक्स्टेन्शन प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून लवकर निकालासाठी टाकलं होतं, ते नोव्हेंबरात मंजूर झालं, थेट २०२८ पर्यंत. लेकीचं एच-४ आणि ईएडी दोन्ही अजून पडून आहे. पूर्वी नवरा-बायकोचे कागद एकत्र पाठवले की एकत्रच निकाली निघायचे, कोर्टातल्या एका तडजोडीमुळे. ती तडजोड जानेवारी २०२५ मध्ये संपली, असं जावई म्हणाले.

लेक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाच्या लग्नाला आली. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का २०२४ मध्येच संपलेला, तेव्हा परत जाण्याआधी स्टॅम्पिंग करणं भागच होतं. त्यात १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खाती तपासायचं ठरलं आणि भारतातल्या कितीतरी जणांच्या तारखा काही महिने पुढे गेल्या. तिची आता मार्चच्या मध्यावर आहे. कंपनीने तोवर इथून काम करू दिलं, तिथपर्यंत ठीक होतं.

गेल्या आठवड्यात एचआरची मेल आली. कार्ड २० ला संपतंय, पावतीवर काम करू द्यायची पद्धत सरकारने ऑक्टोबरमध्ये बंद केली, तेव्हा २१ पासून बिनपगारी रजा. इथून काम करणंही बंद, कारण 'ऑथरायझेशन संपलं'. नवीन कार्ड येईपर्यंत जागा राखून ठेवू, पण लेखी हमी देणार नाही.

लेक रडली वगैरे नाही, तिने फक्त कपाट आवरायला काढलं. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटतं.

माझा भाचा कॅनडात आहे. तो म्हणाला, "मावशी, एवढं काय त्यात? मुदतीआधी अर्ज केला की निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर काम करायचं. मेंटेन्ड स्टेटस म्हणतात त्याला." तिकडे असेल बाबा. पण एका देशाचा पास दुसऱ्या देशाच्या गाडीत चालत नाही, एवढं मलाही कळतं.

आता माझा मुद्दा. मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली अकरा आवक-जावक टेबलावर. लेक झोपली होती तेव्हा तिच्या फोल्डरमधून पावतीची झेरॉक्स काढून भिंगाखाली धरली. आय-७९७सी म्हणतात तिला. तिच्यावर दोन तारखा आहेत. नोटीस डेट ५ नोव्हेंबर २०२५. तिच्याच शेजारच्या चौकटीत रिसीव्हड डेट, २७ ऑक्टोबर २०२५.

म्हणजे एक जावक आणि एक आवक! टेंडरच्या शेवटच्या दिवशी माझ्या खिडकीशी लोक धापा टाकत यायचे ते आवकच्या शिक्क्यासाठी. पोच कोणत्या तारखेला टपालात पडली, हे कधी कोणी विचारलं नाही. नवा नियम मी वाचला तो असा : ३० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर दाखल झालेल्या नूतनीकरणाला आपोआप मुदतवाढ नाही. त्याआधी दाखल झालेल्यांना जुनी ५४० दिवसांची वाढ लागू. मग आमचा अर्ज तीन दिवस आधीचा नाही का? एचआरची बाई ५ नोव्हेंबर बघून बसली आहे, असा माझा संशय आहे.

हे मी बरोबर वाचते आहे का? आणि दुसरं, अमेरिकेचं कार्ड संपलं म्हणून मुलुंडमध्ये बसून काम करायला बंदी कशी येते, हे कोणी समजावून सांगेल का? लेकीला सांगण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. खोटी आशा लावायला नको.

— आवकजावक

फिरस्ता : काकू, अजिबात काळजी करू नका. पावती असली की २४० दिवस काम करता येतं. मी स्वतः सात महिने केलंय.

जर्सीकर : फिरस्ता, ते २४० दिवस एच-१बी वाल्यांचे, तेही त्याच कंपनीने मुदतीत अर्ज केला असेल तर. एच-४ ला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि पुढे कोणी एल-२ चं उदाहरण देण्याआधी तेही सांगते : एल-२ वर असलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून ईएडी लागतच नाही. सगळ्यांची भाजी एकाच पातेल्यात ढवळू नका.

काकू, तुमचं वाचन शंभर टक्के बरोबर आहे. रिसीव्हड डेटच धरतात. पण एक मेख आहे आणि ती एचआरने सांगितलेली दिसत नाही. एच-४ च्या ईएडीला वाढ मिळते ती ५४० दिवस किंवा आय-९४ ची तारीख, जे आधी येईल तिथपर्यंत. आय-९४ म्हणजे देशात राहण्याची नोंद. ताई तिकडेच बसून राहिली असती तर तिचं आय-९४ सुद्धा २० फेब्रुवारीलाच संपलं असतं. म्हणजे पावती असूनही हातात शून्य दिवस. आमच्या ओळखीत एकीचं नेमकं हेच झालं, ती चार महिने घरी होती.

ताई बाहेर आली ते उलट पथ्यावर पडलंय. मार्चमध्ये स्टॅम्पिंग होऊन ती परत आत शिरली की विमानतळावर नवं आय-९४ मिळेल, जावयांच्या मंजुरीप्रमाणे २०२८ पर्यंतचं. ते ऑनलाइन काढून तारीख आणि एच-४ हे अक्षर लगेच तपासायचं. मग तीन कागद एकत्र लावायचे : संपलेलं सी-२६ कार्ड, सी-२६ चीच आय-७९७सी पावती आणि नवं आय-९४. आय-९ फॉर्मसाठी, म्हणजे माणसाला काम करायची परवानगी आहे याची कंपनी जी नोंद ठेवते तिच्यासाठी, हे चालतं. २० फेब्रुवारीपासून ५४० दिवस मोजले तर १४ ऑगस्ट २०२७ येतं. मध्येच अर्ज नामंजूर झाला तर मात्र त्याच दिवशी काम बंद.

दोन गोष्टी वकिलाकडून लेखी घ्या. ती देशाबाहेर गेल्यामुळे एच-४ च्या एक्स्टेन्शनचा अर्ज, तो आय-५३९, बाद धरला गेला तर ईएडीच्या अर्जावर काय परिणाम होतो, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची : कोणी कितीही सांगितलं तरी ईएडीचा जुना अर्ज मागे घेऊन नवा भरू नका. नवा भरला की त्याची आवक ३० ऑक्टोबरनंतरची होईल आणि ५४० दिवस गेले.

दादरचा सीए : दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ईएडी हा अमेरिकेच्या जमिनीवर काम करण्याचा परवाना आहे. भारतीय नागरिकाला मुलुंडमध्ये बसून काम करायला त्याची गरज नाही. कंपनी नाही म्हणू शकते, पण ते तिचं स्वतःचं धोरण : विमा, डेटा, भारतात कर लागण्याची भीती. 'ऑथरायझेशन संपलं' हे कारण चुकीचं आहे, आणि मेलमध्ये तसं नम्रपणे लिहायला हरकत नाही.

पण कराचं विसरू नका. पगार तिकडच्या खात्यात जमा होतो म्हणून इथे काही संबंध नाही, हा गैरसमज घरोघरी आहे. काम जिथे बसून केलं तिथलं ते उत्पन्न धरलं जातं. ती ६ डिसेंबरच्या आसपास आली असेल तर ३१ मार्चपर्यंत साधारण ११६ दिवस होतात. १८२ च्या आत, म्हणून या वर्षी ती अनिवासीच राहील. भारत-अमेरिका करारात पगारासाठी १८३ दिवसांची सवलतही आहे, पण ती मागायला तिकडचा कर-रहिवासाचा दाखला, टीआरसी, लागतो. तो आत्ताच मागवा, यायला वेळ लागतो. बोर्डिंग पास फेकू नका.

आवकजावक : जर्सीकर, दादरचे सीए, दोघांचे मनापासून आभार. फिरस्ता, तुमचेही. धीर दिलात.

काल संध्याकाळी लेकीसमोर झेरॉक्स ठेवली आणि २७ ऑक्टोबरवर बोट ठेवलं. आधी चिडली, माझ्या फोल्डरला हात का लावलास म्हणून. मग पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग स्वतःच्या आय-९४ ची प्रिंट काढून बघितली आणि म्हणाली, "आई, ही तर मला कोणी दाखवलीच नव्हती." आम्ही दोघींनी मिळून मेल लिहिली. इंग्रजी तिचं, मुद्द्यांचा क्रम माझा. एचआरचं उत्तर आलं, कंपनीच्या वकिलाकडे पाठवलंय. इथून काम करण्याबद्दल मात्र ठाम नकार, धोरण म्हणून. म्हणजे २१ पासून बिनपगारी रजा आहेच, पण ती मार्चपर्यंतची, कार्ड येईपर्यंतची नाही. जुना अर्ज मागे घेऊ नका, हे जावयांना दोनदा बजावलंय. त्यांचा एक मित्र नवा भरायचा सल्ला देतच होता.

एक शेवटची शंका. पावतीचा मूळ कागद न्यू जर्सीत आहे. तो कुरियरने इथे मागवावा का? स्टॅम्पिंगला दाखवावा लागेल?

जर्सीकर : नको काकू, कुरियरमध्ये गहाळ झाला तर नसती आफत. स्टॅम्पिंगला जावयांची नवी मंजुरी, लग्नाचा दाखला आणि त्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतात. पावती कंपनीला दाखवायची आहे, ती तिकडेच राहू दे.

आवकजावक : बरं. जावयांना फोन केला. कागद फ्रीजवर, मॅग्नेटखाली लावलेला होता, वीजबिलाच्या शेजारी. काढून फाइलला लावायला सांगितलाय.