फोन घरी ठेवून दोन दिवस खेड्यात राहायचंय, जागा सुचवा (पुण्याहून ३ तासांत)

खारूताई_कोथरूड

नमस्कार मंडळी, जानेवारीतला एक शनिवार-रविवार फोन पूर्ण बंद ठेवून कुठेतरी खेड्यात काढायचाय. आम्ही तिघं, मी, नवरा आणि ११ वर्षांची लेक. कारण विचाराल म्हणून सांगूनच टाकते. मागच्या आठवड्यात 'जेवायला काय आहे' असा लेकीचा व्हॉट्सअ‍ॅप आला, मी 'पिठलं' असं उत्तर टाकलं, आणि मग लक्षात आलं की बाई माझ्याच मांडीला टेकून बसलीय.

गेल्या वर्षी एकदा प्रयत्न केला होता, पार फसला. कर्जतकडच्या एका रिसॉर्टने 'डिजिटल डिटॉक्स पॅकेज' म्हणून चांगले दणदणीत पैसे घेतले, गेटवर फोन तागाच्या पिशवीत घालून ठेवून घेतले, पिशवीवर सुविचार, आणि खोलीत गेलो तर समोर हा एवढा टीव्ही! सहानंतर करायला काहीच नाही, नवरा मॅच बघत बसला, लेक कंटाळून रडायला लागली आणि साडेआठला मीच रिसेप्शनवर जाऊन तिन्ही पिशव्या सोडवून आणल्या. तेव्हा रिसॉर्ट नको. जेवण घरगुती, संडास स्वच्छ (यावर तडजोड नाही). सासूबाई घरी एकट्या असतील, अडीनडीला त्यांचा फोन लागला पाहिजे, ते कसं जमवायचं तेही सांगा.

डोंगरवेडा

बामणोली. डोळे मिटून जा. सातारा, कास पठार आणि खाली उतरलं की कोयनेचा शिवसागर. तिथून बोटीने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला, वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढायची, दिवसभराचा ट्रेक, संध्याकाळच्या आत परत यायलाच लागतं, वर मुक्काम करू देत नाहीत. जंगलात रेंज नाही म्हणजे नाहीच. ११ वर्षांची मुलगी आरामात चढेल, आईबाबांचं सांगता येत नाही :)

चहाटळ

डोंगरवेडा, शेवटचे शनिवारी कधी गेला होतात? आम्ही गेलो तेव्हा काठावर ओळीने तंबू आणि प्रत्येक तंबूचा आपापला स्पीकर. फोन बंद होता पण झिंगाट पाण्यावरून ऐकू येत होतं. मधल्या वारी जमत असेल तरच जा.

डोंगरवेडा

हे मात्र खरं. आम्ही बुधवार-गुरुवार जातो.

प्रवासीपक्षी

माथेरान का नाही? दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी नेताच येत नाही, लाल माती, झाडी, मस्त चालणं होतं.

चहाटळ

गाडी नाही, पण फोनला रेंज आहे ना. माकडाने फोन पळवला तरच डिटॉक्स.

मौनीबाबा

इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना करा. फोन पहिल्याच दिवशी जमा होतो, बोलणंसुद्धा बंद. आयुष्य बदलेल.

खारूताई_कोथरूड

मौनीबाबा, ते १० दिवसांचं असतं हो, आणि लेकीला तिथे नेता येणार नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला तू जा, फी मी भरतो. त्याला सांगितलं की तिथे फी नसते, तर अजूनच खूश झाला.

मौनीबाबा

लहान मुलांची आनापानाची (श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान) एक दिवसाची शिबिरं वेगळी असतात, त्याची चौकशी करा. बाकी नवऱ्याच्या भावना पोचल्या.

पश्चिमवारा

मार्चपर्यंत थांबणार असाल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. राहणं-जेवण गावातल्या घरांतच, लेकीला जन्मभर लक्षात राहील. पुण्याहून तीन तासांत होणार नाही पण. आणि ऐका, भंडारदऱ्याला काजव्यांचं कुणी सुचवलं तर जाऊ नका, एक तर ते मे अखेर-जूनमध्ये असतात आणि शनिवारी काजव्यांपेक्षा गाड्यांचे हेडलाइटच जास्त चमकतात.

माहेरवाशीण

मी जागा सुचवत नाहीये, वेगळंच सांगतेय. माझं माहेर सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं, तिथे जवळच मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, पेपरात वाचलं असेल. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा भोंगा की सुटका. करोनात शाळा मोबाईलवर गेली आणि नंतर पोरांच्या हातातून तो सुटेना म्हणून हे सुरू झालं. बघा, अख्ख्या गावाने बंदी घातली ती फक्त दीड तासाची, आणि ती नेमकी ७ ते साडेआठ. तुमचं रिसॉर्टही साडेआठलाच फसलं! दिवसा कुणालाच त्रास होत नाही हो, डोंगर असतो, पाणी असतं, खाणं असतं. दिवेलागणीनंतर काय करणार ते आधी ठरवा, मग जागा शोधा. जिथे त्या वेळी चूल पेटलेली असेल आणि चार माणसं गप्पा मारत बसलेली असतील अशा घरी जा, आम्ही माहेरी जाऊन हेच करतो, त्याचं पॅकेज निघालंय हे तुमच्यामुळे कळलं.

पाटलीणबाई

माहेरवाशीण यांना अनुमोदन. खारूताई, जानेवारी म्हणताय आणि अजून कुणी हुरडा म्हणेना म्हणजे कमाल आहे! शिरूर, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात डिसेंबरच्या मध्यापासून हुरडा चालू होतो, जानेवारी म्हणजे ऐन भर. पण 'हुरडा पार्टी' असा बोर्ड, रेन डान्स, उंटाची सवारी दिसली की गाडी वळवा. कुणाच्या तरी ओळखीने ज्यांची स्वतःची ज्वारी आहे अशांच्या घरी जा. फोनवर दोनच गोष्टी विचारा. ज्वारी कुठली लावलीय, कारण गुळभेंडी किंवा सुरती असली तर दाणा गोड आणि मऊ, भाकरीची मालदांडी असली तर हुरड्याला ती मजा नाही. आणि दुसरं, पाखरं राखायला माणूस लागतोय का. कणसं चिकात आली की चिमण्यांचे थवे उतरतात, सकाळी आणि उन्हं कलली की शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला कुणीतरी लागतंच. लेकीला तिथे उभी करा, ती फोनचं नाव काढणार नाही.

भीमाथडी

मी शिरूर भागातलाच आहे. पाटलीणबाईंचं सगळं बरोबर, फक्त एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे बिबट्या आहे. थट्टा नाही, शिरूर, जुन्नर, आंबेगाव, पारनेर सगळीकडे उसात राहतो. अंधार पडायच्या आत लेकीला घरात घ्या, उसाच्या कडेला फिरायला जाऊ नका, रात्री संडासला जायचं तर मोठी बॅटरी आणि सोबत माणूस. संडास घराला लागून आहे ना ते आधी विचारा. आणि फोन तुमचा बंद असला तरी घरमालकाचा चालू पाहिजे, साप-विंचू काही झालं तर १०८ ला कोण फोन करणार? रेंजच नसलेली जागा हवी हा हट्ट लहान मूल बरोबर असताना करू नये असं माझं स्पष्ट मत.

एसटी_जिंदाबाद

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. साधा बटणांचा फोन घ्या आणि तुमचं सिम त्यात घाला. जिओ असेल तर फोरजीवाला बटणफोन बघा, जुन्या टूजी डब्यात जिओ चालत नाही. नंबर तोच राहतो, फक्त रील्स नाहीत. घरमालकाचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

आता पैसे. यूपीआय नसणार हे सगळे विसरतात. मी एकदा फोन न घेता निघालो आणि पेट्रोल पंपावर पाकिटात एकशे दहा रुपये. रोख न्या, आणि पाचशेच्याच नोटा नेऊ नका, खेड्यात सुट्ट्यांची बोंब असते. फास्टॅगला फोन लागत नाही पण बॅलन्स आदल्या दिवशी बघून ठेवा. मॅप नसणार, तेव्हा रस्ता घरमालकाला विचारून वहीत लिहून घ्या, 'मारुतीच्या देवळापासून डावीकडे' असा. घड्याळ न्या. आणि वाघोलीचा ट्रॅफिक टाळायचा तर पहाटे साडेपाचला निघा.

दोनमुलांचीआई

ऑफिसपेक्षा शाळेच्या ग्रुपचं बघा. आमच्याकडे रविवारी रात्री ९ ला मेसेज येतो, 'उद्या थर्माकोल, दोन रंगांचा घोटीव कागद आणि एक वाळलेलं पान आणणे'. मैत्रिणीला सांगून ठेवा.

खारूताई_कोथरूड

सगळ्यांचे आभार. पाटलीणबाई, तुम्हाला निरोप केलाय. ठरलं की कळवते.

खारूताई_कोथरूड

अपडेट! जाऊन आलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मामांच्या शेतावर, शिरूरच्या पुढे. तिन्ही फोन धान्याच्या डब्यात ठेवून गेलो, बटणफोन माझ्याकडे.

पाखरांचं काम खरंच मिळालं. लेकीची पहिली गोफण सुटली तो दगड मागे गेला आणि मामांच्या पत्र्यावर धाडकन पडला, चिमण्या जागच्या हलल्या नाहीत, कोंबड्या तेवढ्या पळाल्या. मामी म्हणाल्या, 'अगं सोडायची कधी ते मनगटाला कळतं, डोकं नको लावू.' दुपारपर्यंत दगड निदान पुढे जायला लागले. संध्याकाळी खाली उतर म्हटलं तर उतरेना.

मग आगटी. गोवऱ्या पेटवून निखारा पडला की कणसं त्यात खुपसायची, बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची. मला वाटलं होतं सोपं असेल. दोन कणसांत हात लाल, बोटं काळी, मामी मात्र कणसामागून कणीस चोळून आमच्या पुढ्यात फू करून टाकताहेत आणि आम्ही तिघं मिळून एकटीच्या वेगाने खाऊ शकत नव्हतो. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. माहेरवाशीण, साडेआठ वाजल्याचं कुणाला कळलंच नाही, घड्याळ होतं पण काळ्या हातांनी बाही वर कोण करणार.

सगळंच छान झालं असं नाही. रात्री मला झोप नाही, दोनदा उशाशी हात गेला, फोन नाही हे कळूनही तिसऱ्यांदा गेला. नवऱ्याची रविवारी सकाळी चिडचिड झाली, निफ्टी रविवारी बंद असतो हे सांगितल्यावर जरा शांत. मग मामांनी त्याला कांद्याला पाणी द्यायला नेलं. शेतीपंपाला दिवसपाळीची लाइट होती, एक वाफा भरला की दारं मोडून पुढच्या वाफ्यात पाणी सोडायचं, याने एक दारं वेळेत मोडलं नाही आणि वरंबा फुटला. मामा काही बोलले नाहीत, खोरं तेवढं काढून घेतलं हातातून.

सासूबाईंचा एकच फोन आला, दोन दिवसांत तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नाही, भांडलात का म्हणून.

चहाटळ

मामांचा नंबर द्या ना, आम्हीही जाऊ म्हणतो.

खारूताई_कोथरूड

त्यांना विचारून निरोप करते, असा इथे टाकत नाही. पण संडासला शेड आहे, दिवा नाही, बॅटरी न्या. आणि मामींनी सांगितलंय गोफण येत असेल त्यालाच पाठवा, कोंबड्या अजून बिथरलेल्या आहेत.