हंटिंग्टनचे जनुक १९९३ मध्येच सापडले. मग आज या क्षेत्रात येणाऱ्याने काय करायचे?

प्रश्न : गणेशखिंड_एमएस्सी

मी पुणे विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मी नॅन्सी वेक्सलर यांचे संशोधन हा विषय घेतला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. १९६८ मध्ये त्यांच्या आईला हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदूतील पेशींची हळूहळू झीज करून हालचालींवरचा ताबा घालवणारा आनुवंशिक आजार, असल्याचे निदान झाले. आजोबा आणि तिन्ही मामा याच आजाराने गेलेले होते. नॅन्सी आणि त्यांची बहीण यांपैकी प्रत्येकीला तो होण्याची शक्यता निम्मी होती. त्याच वर्षी वडील मिल्टन वेक्सलर यांनी आनुवंशिक आजारांवरील संशोधनासाठी एक प्रतिष्ठान सुरू केले, नॅन्सी यांनी १९७४ मध्ये मानसशास्त्रात पीएचडी केली आणि पुढे त्या थेट जनुकाच्या शोधात उतरल्या.

रेणवीय जीवशास्त्राचे शिक्षण नसलेली व्यक्ती अशा शोधाच्या केंद्रस्थानी कशी आली, हे मला नीट उमगलेले नाही. दुसरे असे की जनुक सापडून तीस वर्षे उलटली तरी आजार बरा करणारे औषध नाही. अशा वेळी मेंदूची झीज करणाऱ्या आनुवंशिक आजारांवर पीएचडी करण्यात नवे काही उरले आहे का, आणि त्यासाठी पुण्यात राहून काही करता येईल का? घरच्यांचे मत आहे की लसी किंवा औषधनिर्मितीच्या कंपनीत नोकरी धरावी, संशोधनात आयुष्य घालवू नये. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : प्राणिशास्त्र_निवृत्त

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माराकाइबो सरोवराच्या काठी आहे. व्हेनेझुएलातील या सरोवराकाठच्या गावांमध्ये हा आजार कमालीच्या मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे डॉ. अमेरिको नेग्रेट यांनी १९५० च्या दशकात नोंदवून ठेवले होते. जॉर्ज हंटिंग्टन यांच्या १८७२ च्या निबंधाला शंभर वर्षे झाली म्हणून १९७२ मध्ये ओहायोत परिषद भरली, तेव्हा तेथील रुग्णांचे चित्रीकरण दाखवण्यात आले. ते पाहणारे पुष्कळ होते, परंतु त्या गावांत जाऊन पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ लिहून काढावी आणि रक्ताचे नमुने गोळा करावेत, हे काम वेक्सलर यांनी अंगावर घेतले. १९७९ मध्ये त्या प्रथम गेल्या आणि १९८१ पासून दरवर्षी आपल्या चमूसह जाऊ लागल्या. पुढे या वंशावळीत १८,००० हून अधिक माणसे आणि दहा पिढ्या नोंदल्या गेल्या.

परक्या देशातून आलेल्या बाईला लोक रक्त का देतील? वेक्सलर यांच्या स्वतःच्या दंडावरून तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढलेला होता. सोबतच्या परिचारिकेने तो व्रण गावकऱ्यांना दाखवला आणि हिच्या घरातही हाच आजार आहे, असे सांगितले. त्यानंतर लोक पुढे येऊ लागले. मला वाटते, मानसशास्त्राचे शिक्षण येथे रेणवीय जीवशास्त्राइतकेच, कदाचित काकणभर अधिकच, उपयोगी पडले असावे.

तंत्राची बाजू दुसऱ्यांनी सांभाळली. डीएनएमधील व्यक्तीगणिक बदलणाऱ्या खुणा वापरून कोणत्याही आनुवंशिक आजाराची जागा शोधता येईल, ही कल्पना डेव्हिड बॉटस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. बोस्टनमध्ये जेम्स गुसेला यांनी तीच वापरून १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर आजाराशी जोडलेली खूण शोधली. अशा शेकडो खुणा तपासाव्या लागतील असा सगळ्यांचा अंदाज असताना पहिल्या डझनभरातच ती हाती लागली. याला नशीब म्हणायला माझी हरकत नाही, परंतु तपासायला इतके मोठे कुटुंब हाताशी नसते तर त्या नशिबाचा पुरावा कोठून आणला असता?

सेमिनारमध्ये सगळे १९८३ वर थांबतात. तुम्ही त्यानंतरची दहा वर्षे वाचा, असे मी आग्रहाने सांगेन. गुणसूत्र कळले, त्याच्या आखूड भुजेच्या टोकाजवळचा भाग कळला आणि तरीही नेमके जनुक हाती यायला १९९३ उजाडले. सहा संशोधन-गट आपापसांत स्पर्धा न करता एकत्र काम करत होते आणि अखेरच्या निबंधावर ५८ नावे होती. ही माणसे एकत्र आणणे, त्यांना टिकवून धरणे आणि पैसा उभा करणे ही कामे प्रतिष्ठानाच्या माध्यमातून वेक्सलर पितापुत्रीने केली. आपल्याकडे अशा कामाला संशोधन मानायची पद्धत नाही, हे दुर्दैव.

उत्तर २ : जनुकीय_समुपदेशक

प्राध्यापक साहेबांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे रुग्णाच्या खुर्चीसमोर बसते, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे ओळीने पुन्हापुन्हा येतात. २६ पर्यंतची संख्या सामान्य मानतात. ती ४० किंवा त्याहून अधिक असेल तर माणूस पुरेसा जगल्यास आजार होतोच, आणि ३६ ते ३९ च्या पट्ट्यात तो काहींना होतो, काहींना होत नाही. निरोगी तिशीतल्या माणसाला हा आकडा आज एका रक्ततपासणीत कळू शकतो. तो कळल्यावर त्याचे काय करायचे, हे मात्र तपासणी सांगत नाही. म्हणूनच लक्षणे नसलेल्या व्यक्तीची तपासणी करण्यापूर्वी समुपदेशन, विचाराला अवधी आणि अहवाल न घेण्याची मुभा, असा क्रम जगभर पाळला जातो. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची तपासणी करत नाहीत. स्वतः वेक्सलर यांनी आपल्या तपासणीविषयी वर्षानुवर्षे जाहीरपणे काही सांगितले नाही. आपल्यालाही हा आजार आहे, हे त्यांनी २०२० मध्ये उघड केले.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. एका भावाचा अहवाल म्हणजे साऱ्या भावंडांची बातमी असते आणि ती लग्न जुळवण्याच्या वेळी नेमकी बाहेर येते. तोल जाणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षे दारुडा ठरवलेले मी पाहिले आहे.

तुम्ही हंटिंग्टनपुरताच विचार करू नये, अशी माझी सूचना आहे. तोल बिघडवणाऱ्या स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया या गटातील दुसरा प्रकार भारतात बऱ्याच कुटुंबांत आढळतो, तर बारावा प्रकार जगात विरळ असूनही उत्तर भारतातील अग्रवाल समाजात अनेक कुटुंबांत सापडला आहे. दोन्हींत मूळ गडबड सीएजीच्या वाढलेल्या पुनरावृत्तीचीच असते. या कुटुंबांवर काम करायला माराकाइबोला जावे लागत नाही.

उत्तर ३ : फळमाशी_पाषाण

नवे काय उरले, या प्रश्नावर मी लिहितो, कारण माझा प्रबंध याच परिघातला आहे.

जनुक सापडले म्हणजे कारण सापडले, असा समज १९९३ मध्ये पुष्कळांचा होता. परंतु या जनुकापासून बनणारे सदोष हंटिंग्टिन प्रथिन जवळजवळ सर्व पेशींत असताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील विशिष्ट चेतापेशीच आधी का मरतात, आणि जन्मापासून बदल असूनही लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत का दिसू लागतात, हे कोडे तसेच राहिले. येथे व्हेनेझुएलाची तीच वंशावळ पुन्हा उपयोगी पडली. तिच्यावरील २००४ च्या निबंधाने दाखवले की पुनरावृत्तीची संख्या हिशेबात धरल्यावर लक्षणे सुरू होण्याच्या वयात जो फरक उरतो, त्यातील सुमारे ४० टक्के इतर जनुकांमुळे आणि ६० टक्के परिस्थितीमुळे असतो. मग ती इतर जनुके कोणती, याचा शोध सुरू झाला आणि २०१५ मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकसंचांच्या तुलनेतून डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतील जनुकांकडे बोट दाखवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एका महत्त्वाच्या निबंधानुसार या चेतापेशींमध्ये पुनरावृत्ती आयुष्यभर हळूहळू वाढत राहते आणि ती १५० च्या पुढे गेल्यावरच पेशीचे कामकाज ढासळू लागते. हे खरे ठरले तर वाढ रोखणे हाच उपचाराचा मार्ग ठरू शकेल. अशा वेळी क्षेत्रात काही उरले नाही, असे कसे म्हणता येईल?

औषधांच्या बाबतीत मात्र पाय जमिनीवर ठेवावेत. अनावर हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, पण ते झीज थांबवत नाही. हंटिंग्टिनचे प्रमाण घटवणाऱ्या टोमिनर्सेनच्या मोठ्या चाचणीत मार्च २०२१ मध्ये औषध देणे थांबवावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये एएमटी-१३० या जनुकीय उपचाराने तीन वर्षांत आजाराची गती सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावल्याचे जाहीर झाले. ते आशादायक आहे, परंतु मोठी मात्रा मिळालेल्या मोजक्याच रुग्णांवरून आणि बाहेरच्या रुग्ण-नोंदींशी तुलना करून काढलेला तो निष्कर्ष आहे, हेही वाचावे.

आता पुणे. पाषाणची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था येथे फळमाशीवर एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींची झीज करणाऱ्या आजाराच्या, आठव्या प्रकाराचे काम झालेले आहे. या आजाराला कारणीभूत व्हीएपीबी जनुकातील बदल २००४ मध्ये ब्राझीलमधील कुटुंबांत सापडला, आणि माशीमध्ये त्याच जनुकाचे भावंड असल्यामुळे तो बदल माशीत घालून चेतापेशींत काय घडते ते पाहता येते. २५ अंश तापमानाला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. एका वर्षात किती पिढ्या हाताखालून जातात, याचा हिशेब तुम्हीच करा. माशीला माणसाचा आजार होत नाही, ही टीका मी दर परिषदेत ऐकतो आणि ती अर्धी खरी आहे. कोणता प्रश्न माशीला विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, हे शिकण्यातच पीएचडीची पहिली दोन वर्षे जातात.

पैशाचे म्हणाल तर नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. कंपनीतला पगार काही वर्षांत त्याच्या पुढे जाईल. घरच्यांशी बोलताना ही गोष्ट लपवू नका.

उत्तर ४ : कोथरूडकर

विषय चांगला चालला आहे, पण एक गोष्ट सगळेच पटकन ओलांडून जात आहेत. माराकाइबोच्या ज्या कुटुंबांनी रक्त दिले, ती आजही हलाखीत आहेत. तेथे १९९९ मध्ये रुग्णांसाठी निवासी शुश्रूषागृह सुरू झाले आणि ते २०१४ मध्ये बंद पडले. नवे उपचार आले तर ते आधी कोणाला परवडतील, हे सांगायला नको. मग ज्यांच्या जिवावर हा सारा शोध उभा राहिला, त्यांना मिळाले काय?

उत्तर ५ : प्राणिशास्त्र_निवृत्त

कोथरूडकर, आपला आक्षेप मला मान्य आहे, फक्त तो वेक्सलर यांच्या दाराशी नेऊन ठेवू नये. ते शुश्रूषागृह उभे राहण्यामागे त्यांचेच परिश्रम होते. औषधाची किंमत आणि एखाद्या देशाची विस्कटलेली अर्थव्यवस्था या गोष्टी संशोधकाच्या हातात नसतात. परंतु नमुने घेताना परतफेडीचे बोलणे लेखी व्हावे, ही मागणी योग्यच आहे, आणि भारतातील कुटुंबांवर काम सुरू करणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर : गणेशखिंड_एमएस्सी

सर्वांचे मनापासून आभार. पुनरावृत्ती पेशीगणिक कशी वाढते, हा धागा मला सर्वांत जवळचा वाटला आणि शेवटच्या सत्राचा प्रकल्प त्यावरच मागण्याचा विचार आहे. अटॅक्सियाच्या कुटुंबांविषयी वाचून मात्र एक शंका आली. माझ्याकडे वैद्यकीय पदवी नाही. अशा विद्यार्थ्याला रुग्णांच्या नमुन्यांवर काम करता येते का?

उत्तर ६ : जनुकीय_समुपदेशक

येते, पण एकटीने नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचून काढा. नमुना कोणाकडून, कशासाठी आणि किती काळासाठी घेतला जाणार, रुग्णाची ओळख कशी झाकली जाणार आणि अनपेक्षित निष्कर्ष निघाल्यास तो त्याला सांगायचा की नाही, हे सारे संस्थेच्या नैतिकता समितीने मंजूर केलेले असावे लागते आणि संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे बहुधा मराठीत, असावे लागते. ही मंजुरी मिळण्यात एका सत्राचा बराचसा भाग निघून जाऊ शकतो. म्हणून प्रकल्प ठरवताना मार्गदर्शकाकडे आधीच मंजूर झालेला अभ्यास आणि एखाद्या मज्जाविकारतज्ज्ञाचे सहकार्य आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर या वेळी माशी किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घ्या आणि रुग्णांचे काम पीएचडीसाठी राखून ठेवा.